मॉस्कोची नवी त्रेत्याकोव गॅलरी: प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

चित्रकार मालेविच यांचे ‘काळा चौरस’ हे चित्र पाहण्यासाठी मॉस्कोत आलेला नवखा प्रवासी पुष्कळदा चुकीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. त्रेत्याकोव गॅलरी असे नाव सांगितले की टॅक्सीवाला त्याला लाव्रुशिन्स्की गल्लीत सोडतो, समोर व्हिक्तोर वास्नेत्सोव यांनी आखलेला, परीकथेत शोभावा असा दर्शनी भाग दिसतो, रांग लावून तिकीटही काढले जाते, आणि दीड तास फिरल्यावर त्याच्या लक्षात येते की येथील चित्रे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच थांबली आहेत. प्रथमच जाणाऱ्याची ही गफलत होऊ नये आणि योग्य दारातून आत गेल्यावर त्या शतकाच्या गर्दीत तो हरवू नये, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

आधी इमारत नक्की करावी

पाव्हेल त्रेत्याकोव हे मॉस्कोचे व्यापारी १८५६ पासून रशियन चित्रे विकत घेत होते आणि १८९२ मध्ये त्यांनी आपला संग्रह शहराला देऊन टाकला. त्या मूळ संग्रहाभोवती वाढलेले संग्रहालय लाव्रुशिन्स्की गल्लीत आहे. मध्ययुगीन मूर्तिचित्रांपासून, म्हणजे संतांच्या पूजेच्या चित्रांपासून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची कला तेथे पाहायला मिळते. विसाव्या शतकाची कला मात्र मॉस्क्वा नदीच्या काठी, क्रिम्स्की वाल या रस्त्यावरच्या दहा क्रमांकाच्या इमारतीत आहे. रशियन लोक तिला ‘नोवाया त्रेत्याकोव्का’, म्हणजे नवी त्रेत्याकोव म्हणतात. दोन्ही इमारती एकाच संस्थेच्या असल्या तरी त्यांच्यात बराच रस्ता आहे. नकाशावर केवळ ‘त्रेत्याकोव’ असे न शोधता ‘क्रिम्स्की वाल’ हे शब्द शोधावेत, आणि टॅक्सीवाल्याला ‘पार्क गोर्कोवो’ असे सांगावे, कारण गॉर्की पार्कचे भव्य प्रवेशद्वार रस्त्याच्या बरोबर पलीकडे आहे.

निकोलाय सुकोयान आणि युरी शेवेर्द्यायेव या वास्तुरचनाकारांनी आखलेली ही इमारत साठच्या दशकात बांधायला घेतली आणि सत्तरच्या दशकाअखेरीस पूर्ण झाली. ती लांबच लांब, चौकोनी आणि बाहेरून एखाद्या सरकारी कचेरीसारखी दिसते; पहिल्या दर्शनात कोणाचेही मन जिंकण्याची तिची तयारी नाही. तिच्या या रूपाकडे पाहून परत फिरू नये, एवढेच सांगतो.

निघण्यापूर्वीची तयारी

भारतीय पारपत्रधारकांना रशियाचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून मिळू लागला आहे. त्याची मुदत आणि शुल्क यांचे नियम बदलत असल्याने अर्ज करताना रशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरच ते तपासावेत, आणि मध्यस्थांच्या तशाच दिसणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावे. युद्ध सुरू असल्यामुळे प्रवासाचा बेत ठरवण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचणेही गरजेचे आहे.

पैशांची बाब त्याहून जास्त गैरसोयीची आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी मार्च २०२२ मध्ये रशियातील व्यवहार थांबवले. त्यामुळे भारतातील बँकांनी दिलेली ही कार्डे तेथे एटीएममध्ये, दुकानात किंवा संग्रहालयाच्या ऑनलाइन तिकीटविक्रीत चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या स्वच्छ, न फाटलेल्या, न दुमडलेल्या नोटा सोबत न्याव्यात आणि तेथील बँकेत त्यांचे रूबल करून घ्यावेत. रशियात राहणारा कोणी परिचित असेल तर त्याच्याकडून तिकीट आधी काढून घेता येते, नाहीतर तिकीटखिडकीवर रोख पैसे द्यावेत.

संग्रहालय सोमवारी बंद असते. आठवड्यातील काही दिवस ते रात्री उशिरापर्यंत उघडे राहते, आणि माझ्या मते पाहण्याची उत्तम वेळ तीच आहे, कारण शाळांच्या सहली आणि गाइडमागून चालणारे घोळके तोपर्यंत परतलेले असतात. तिकीटखिडकी संग्रहालयाच्या वेळेच्या आधी बंद होते, हे विसरू नये. चित्रे इतर प्रदर्शनांसाठी बाहेर जातात, दालनांची मांडणी बदलते, काही दालने दुरुस्तीसाठी बंद असतात. एखादे विशिष्ट चित्र पाहण्यासाठीच जात असाल तर आदल्या दिवशी संकेतस्थळ पाहूनच निघावे.

कायमस्वरूपी संग्रह आणि तात्पुरती मोठी प्रदर्शने यांची तिकिटे वेगवेगळी असू शकतात, म्हणून खिडकीवर आपल्याला काय हवे आहे ते स्पष्ट सांगावे. मोठ्या प्रदर्शनाच्या काळात येथे काय होऊ शकते याचा नमुना जानेवारी २०१६ मध्ये दिसला. वालेंतिन सेरोव यांच्या चित्रप्रदर्शनाचे शेवटचे दिवस होते, कडाक्याच्या थंडीत लोक तासन्‌तास रांगेत उभे होते आणि एके दिवशी गर्दीने संग्रहालयाचे दारच मोडले. चित्रकाराचे प्रदर्शन पाहण्यासाठी दार मोडणाऱ्या शहरात आपण चाललो आहोत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

थोडी अक्षरे, थोडे शब्द

महत्त्वाच्या पाट्या पुष्कळदा इंग्रजीतही असतात, परंतु रशियन लिपीतील चार फसवी अक्षरे ओळखता आली तर आत्मविश्वास वाढतो. रोमन ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ असते, ‘सी’सारखे दिसणारे ‘स’, ‘एच’सारखे दिसणारे ‘न’ आणि ‘बी’सारखे दिसणारे ‘व’. ‘फ्खोद’ म्हणजे प्रवेश, ‘व्हीखद’ म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग, ‘कासा’ म्हणजे तिकीटखिडकी आणि ‘गार्दिरोब’ म्हणजे कोट ठेवण्याची जागा. एखादे दालन सापडत नसेल तर ‘ग्द्ये मालेविच?’ एवढे विचारले तरी पुरते. ‘ग्द्ये’ म्हणजे ‘कोठे’. शाकाहारी वाचकांनी उपाहारगृहासाठी ‘ब्येझ म्यासा’, म्हणजे ‘मांसाविना’, हे दोन शब्दही पाठ करून ठेवावेत. मासे आणि अंडी यांविषयी मात्र वेगळे विचारावे लागेल.

‘क्रास्नी’ हा आणखी एक शब्द लक्षात ठेवावा अशी विनंती आहे. आजच्या रशियन भाषेत त्याचा अर्थ ‘लाल’ असा होतो, जुन्या भाषेत त्याचा अर्थ ‘सुंदर’ असाही होता. मॉस्कोच्या लाल चौकाचे नाव त्याच अर्थाने पडले. आत गेल्यावर हा शब्द दोनदा उपयोगी पडणार आहे.

पोहोचणे आणि दारातील सोपस्कार

मेट्रोने जायचे तर ‘ओक्त्याब्र्स्काया’ किंवा ‘पार्क कुल्तूरी’ यांपैकी कोणत्याही स्थानकावर उतरावे. दोन्ही वर्तुळमार्गावर आहेत. ओक्त्याब्र्स्कायाहून बाहेर पडले की लेनिन यांचा प्रचंड पुतळा दिसतो आणि तेथून उताराच्या रस्त्याने चालत जाता येते. पार्क कुल्तूरीहून आल्यास क्रिम्स्की झुलता पूल ओलांडावा लागतो. हवा चांगली असेल तर मी पुलाचाच मार्ग सुचवीन, कारण पुलावरून नदी, संग्रहालय आणि त्यापलीकडे झुराब त्सेरेतेली यांनी १९९७ मध्ये उभारलेला, ९८ मीटर उंचीचा पीटर सम्राटाचा पुतळा असे सगळे एकदम दिसते. त्या पुतळ्याविषयी मॉस्कोवासीयांची मते फारशी प्रेमळ नाहीत, आणि तुम्हालाही स्वतःचे मत बनवायला वेळ लागणार नाही. हिवाळ्यात नदीकाठी घसरण फार असते, तेव्हा बुटांचा तळ खडबडीत असावा. मोबाइलचे इंटरनेट बंद पडल्यास अडचण नको म्हणून शहराचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

सुरक्षा तपासणीनंतर पहिले काम गार्दिरोबचे. कोट, छत्री आणि पाठीवरची पिशवी तेथे द्यायची आणि क्रमांकाचा बिल्ला घ्यायचा. कोट अंगावर ठेवून किंवा हातावर टाकून आत जाऊ देत नाहीत, त्यामुळे तेथे वाद घालण्यात अर्थ नाही. बिल्ला मात्र आतल्या खिशात जपून ठेवावा. मी एकदा तो हरवला आणि गर्दी ओसरून माझा एकटा कोट खुंटीवर उरेपर्यंत मला बाकावर बसून राहावे लागले. चूक सर्वस्वी माझीच होती.

दालनांमध्ये खुर्च्यांवर बसलेल्या वयस्क स्त्रिया दिसतील. त्या रखवालदार असल्या तरी त्यांतील अनेकींना आपल्या दालनातील चित्रांविषयी जिव्हाळा असतो. कॅनव्हासच्या फार जवळ गेल्यास त्या रागावतात, आणि आपल्याला चित्र मनापासून आवडले आहे असे दिसले तर हाताने खूण करून पुढचे काय चुकवू नये तेही सांगतात. कायमस्वरूपी संग्रहात फ्लॅशशिवाय छायाचित्रे काढता येतात; तात्पुरत्या प्रदर्शनांत मनाई असू शकते, तेव्हा दारावरची खूण पाहावी.

चार वर्षे मनात ठेवून चालावे

सगळी दालने एका फेरीत पाहण्याचा हट्ट धरू नये. अडीच तास हाताशी ठेवावेत आणि पंधरावीस चित्रांपुढे खरोखर थांबावे. या संग्रहात वाट न चुकण्यासाठी शैलींची नावे पाठ करण्यापेक्षा चार वर्षे लक्षात ठेवणे अधिक उपयोगी आहे: १९१५, १९३२, १९६२ आणि १९७४. रशियात विसाव्या शतकात चित्र कसे काढायचे हा प्रश्न चित्रकाराच्या खोलीत जेवढा सुटला तेवढाच सत्तेच्या दरबारातही सुटला, आणि ही चार वर्षे त्याचीच आहेत.

सुरुवात १९१५ च्या थोडी आधी करावी. सेर्गेय श्चुकिन आणि इव्हान मोरोझोव या मॉस्कोच्या दोन व्यापाऱ्यांनी मातिस, पिकासो, गोगँ यांची चित्रे पॅरिसहून आणली होती. श्चुकिन तर आपले घर ठरावीक दिवशी लोकांना पाहण्यासाठी उघडे ठेवत, त्यामुळे मॉस्कोच्या तरुण चित्रकारांना पॅरिसमधील ताजी कला आपल्याच शहरात पाहायला मिळाली. त्यातून १९१० मध्ये ‘चौकटचा गुलाम’ या नावाचे प्रदर्शन भरले आणि पुढे त्याच नावाचा गट झाला. पत्त्यांमधील या पानाचे नाव मुद्दाम टवाळखोरपणे घेतले होते. या गटाच्या चित्रांपासून पाहायला लागावे, कारण ती प्रसन्न आहेत आणि नवख्याला घाबरवत नाहीत. अरिस्तार्ख लेंतुलोव यांनी १९१३ मध्ये काढलेले लाल चौकातील वासिली चर्चचे चित्र तेथे आहे. आदल्या दिवशी ते चर्च प्रत्यक्ष पाहून आलात तर त्याचे घुमट या चित्रात कसे डोलू लागले आहेत ते ताबडतोब कळते. इल्या माश्कोव यांचे १९२४ मधील पावांचे मोठे चित्र नंतरच्या काळातले असले तरी त्याच कुळातले आहे. वेणीसारखे, चक्रासारखे, लोडासारखे पाव एकमेकांवर रचलेले आहेत. ते चित्र उपाशीपोटी पाहू नये.

त्यानंतर कुझ्मा पेत्रोव-वोद्किन यांच्या ‘लाल घोड्याचे स्नान’ या १९१२ मधील चित्रापुढे यावे. घोडा लाल का, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. क्रांतीनंतर लोकांनी त्यात क्रांतीचे भाकीत वाचले, परंतु पाच वर्षे आधी चित्र काढताना चित्रकाराच्या डोळ्यांपुढे जुनी मूर्तिचित्रे होती, ज्यांत संतांचे घोडे लाल असत. ‘क्रास्नी’ या शब्दाचा दुहेरी अर्थ येथे पहिल्यांदा उपयोगी पडतो. घोड्यावरचा कृश मुलगा आणि त्याची कुठेच न पाहणारी नजर यांकडे जरा वेळ पाहावे. घोडा त्याच्या ताब्यात नाही हे हळूहळू जाणवते. हे चित्र १९१४ मध्ये स्वीडनमधील माल्मोच्या प्रदर्शनाला गेले, महायुद्ध सुरू झाल्याने तेथेच अडकले आणि १९५० मध्ये मायदेशी परतले. चित्रकार १९३९ मध्येच वारले होते.

वासिली कान्दिन्स्की यांची ‘कंपोझिशन सात’ ही दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. तिच्यासाठी त्यांनी तीसहून अधिक पूर्वाभ्यास केले आणि प्रत्यक्ष चित्र मात्र नोव्हेंबर १९१३ मध्ये म्युनिकमध्ये चार दिवसांत पूर्ण केले. त्या दिवसांत त्यांच्या सहचरी, चित्रकार गाब्रिएले म्युंटर यांनी त्याचे टप्प्याटप्प्याने छायाचित्रण करून ठेवले. या चित्रात ‘काय दिसते’ ते शोधत बसल्यास निराशा होईल. आधी दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहावे, मग जवळ यावे आणि मध्याजवळचा लंबगोल शोधावा. सगळी उलथापालथ त्याच्याभोवती घडते आहे. महापूर, अंतिम न्याय, पुनरुत्थान असे विषय चित्रकाराच्या मनात होते. शास्त्रीय गाणे ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हे चित्र, माझ्या अनुभवाने, लवकर उलगडते, कारण शब्द न कळता स्वरांच्या मागे जाण्याची त्याची तयारी आधीच झालेली असते.

मार्क शागाल यांच्या ‘शहरावरून’ या चित्रात चित्रकार आणि त्यांची पत्नी बेला वितेब्स्क गावावरून हवेत तरंगत जातात. वरचे प्रेमिक सगळेच पाहतात. डाव्या हाताला खाली, कुंपणाशी, एक माणूस परसाकडेला बसला आहे, तोही पाहावा. शागाल यांचे स्वर्ग आणि गाव एकमेकांना कसे सोडत नाहीत ते त्या कोपऱ्यात कळते.

काळा चौरस

या चित्राला स्वतंत्र वेळ द्यावा, कारण बहुतेक लोक त्याला दहा सेकंदही देत नाहीत. डिसेंबर १९१५ मध्ये पेत्रोग्राद, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्ग, येथे ‘०,१०’ या नावाचे प्रदर्शन भरले. काझिमिर मालेविच यांनी आपली इतर चित्रे भिंतींवर लावली आणि हा चौरस मात्र दोन भिंती जेथे मिळतात त्या कोपऱ्यात, छताजवळ, तिरका टांगला. रशियन घरात त्या जागेला ‘क्रास्नी ऊगल’, म्हणजे ‘सुंदर कोपरा’, म्हणतात, आणि ‘क्रास्नी’ची दुसरी वेळ आली ती हीच. घरातील देवाची चित्रे तेथे असतात, पुढे दिवा लावलेला असतो, आत येणारा माणूस आधी त्या कोपऱ्याकडे वळून क्रूसाची खूण करतो. आपल्याकडे कोणी देव्हाऱ्यातील मूर्ती काढून तेथे काळी पाटी ठेवली तर घरात जो गहजब होईल, त्याची कल्पना केल्यावर त्या वेळच्या प्रेक्षकांचा संताप समजतो. संग्रहालयाच्या भिंतीवर नजरेच्या उंचीला टांगलेले हे चित्र पाहताना तो कोपरा मनात उभा करावा लागतो. त्याविना चित्र अर्धेच दिसते.

चित्र लहान आहे, एका बाजूला ७९.५ सेंटिमीटर. त्याच्याकडे समोरून पाहिल्यावर थोडे बाजूला सरकावे. काळा रंग तडकून त्याला असंख्य भेगा पडल्या आहेत आणि त्या भेगांतून खालचे रंग डोकावतात. त्रेत्याकोवच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये क्ष-किरण आणि इतर तपासण्यांनी दाखवून दिले की या काळ्या थराखाली दोन वेगळी रंगीत चित्रे दडलेली आहेत. म्हणजे हा चौरस कोऱ्या कॅनव्हासवर काढलेला नाही. आधीची चित्रकला झाकूनच तो काढला आहे. शिवाय तो अगदी काटेकोर चौरसही नाही, त्याच्या कडा चौकटीला समांतर नाहीत, हे डोळ्यांनीच पडताळता येते. ‘हे तर माझा मुलगाही काढेल’ असे म्हणणाऱ्याला या दोन गोष्टी दाखवाव्यात. त्याचे मत बदलेल असे नाही, परंतु तो आणखी मिनिटभर थांबेल.

मालेविच यांनी याची आणखी रूपे काढली. १९२९ मधील एक रूप याच संग्रहालयाकडे आहे आणि दोन सेंट पीटर्सबर्गमध्ये आहेत. मराठी वाचकाच्या मनात येथे चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या ‘बिंदू’ची आठवण येणे स्वाभाविक आहे. ती तुलना मला फार पुढे नेण्याजोगी वाटत नाही, कारण रझांचा बिंदू ध्यानासाठी परंपरेने दिलेला आधार आहे, तर मालेविच यांना परंपरेची पाटी पुसायची होती.

या काळातील कलाकृती आज येथे दिसतात त्याचे बरेच श्रेय जॉर्ज कोस्ताकिस यांना आहे. मॉस्कोत जन्मलेले हे ग्रीक गृहस्थ कॅनडाच्या दूतावासात नोकरी करत आणि कोणी विचारत नव्हते अशा काळात लोकांच्या माळ्यांवरून, बागघरांतून ही चित्रे शोधून काढत. ल्युबोव पोपोवा यांचे प्लायवुडवरील एक चित्र त्यांना एका घराची खिडकी बंद करण्यासाठी ठोकलेले सापडले आणि त्याच मापाचा दुसरा प्लायवुडचा तुकडा आणून देऊन त्यांनी ते सोडवले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. १९७७ मध्ये देश सोडताना त्यांनी संग्रहाचा मोठा हिस्सा त्रेत्याकोवला दिला. सोबत नेलेला भाग आता ग्रीसमध्ये थेसालोनिकी येथे आहे. चित्राखालच्या पाटीवर त्यांचे नाव दिसले की ही गोष्ट आठवावी.

१९३२ नंतरची दालने टाळू नयेत

२३ एप्रिल १९३२ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने साहित्य आणि कला यांतील सगळे स्वतंत्र गट बरखास्त केले, आणि दोन वर्षांनी समाजवादी वास्तववाद, म्हणजे समाजवादाचा गौरव करणारे वास्तवदर्शी चित्रण, ही अधिकृत पद्धत ठरली. मालेविच यांना त्याआधीच, १९३० मध्ये, काही काळ अटक झाली होती आणि ते पुन्हा शेतकऱ्यांची मानवाकृती चित्रे काढू लागले होते. १९२८-२९ मधील ‘गवतकापणी’ हे त्यांचे चित्र याच संग्रहात आहे. चौरस पाहिल्यावर ते शोधून पाहावे. तो दाढीवाला शेतकरी आपल्याशी बोलत नाही, आणि का बोलत नाही हा विचार दालनाबाहेरही सोबत येतो.

परदेशी पाहुणे या टप्प्यावर चालण्याचा वेग वाढवतात. ही प्रचारकला आहे, तीत पाहण्यासारखे काय, असा त्यांचा समज असतो. मला तो चुकीचा वाटतो. युरी पिमेनोव यांचे ‘नवे मॉस्को’ हे १९३७ मधील चित्र पाहावे. उघडी मोटार एक तरुणी चालवते आहे, ती आपल्याला पाठमोरी दिसते, पावसाने ओला झालेला रस्ता चकाकतो आहे आणि आपण जणू मागच्या आसनावर बसून तिच्यासोबत नव्या उंच इमारतींकडे चाललो आहोत. चित्र अतिशय मोहक आहे. ते ज्या वर्षी काढले त्याच वर्षी त्या शहरात रात्री-अपरात्री लोकांना घरातून उचलून नेले जात होते. मोह आणि ते वर्ष अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून उभे राहणे हा या दालनाचा खरा अनुभव आहे.

अलेक्सान्द्र गेरासिमोव यांच्या १९३८ मधील चित्रात स्टालिन आणि त्यांचे संरक्षणमंत्री वोरोशिलोव क्रेमलिनच्या ओल्या गच्चीवर फिरत आहेत. त्याला लोकांनी हळूच ‘द्वा वोझ्द्या पोस्ले दोझ्द्या’, म्हणजे ‘पावसानंतरचे दोन पुढारी’, असे यमकी टोपणनाव दिले. अलेक्सान्द्र देयनेका यांची खेळाडू आणि वैमानिक यांची चित्रे मात्र थट्टेच्या पलीकडची आहेत. १९३८ च्या ‘भावी वैमानिक’ या चित्रात समुद्राकडे तोंड करून बसलेली तीन मुले विमान पाहतात, आणि त्यांच्या पाठींवरूनच सगळी ओढ कळते. फ्योदोर रेशेत्निकोव यांचे ‘पुन्हा नापास’ हे १९५२ मधील चित्र प्रत्येक रशियन माणसाने शाळेच्या पुस्तकात पाहिलेले असते. कमी गुण घेऊन घरी आलेला मुलगा, हताश आई, नाक मुरडणारी बहीण आणि काहीच न कळल्याने आनंदाने झेपावणारा कुत्रा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी नीट पाहिल्यास त्याच चित्रकाराच्या आधीच्या एका चित्राची प्रत टांगलेली दिसेल. आपल्याकडे ज्यांचे बालपण मराठीत आलेल्या स्वस्त आणि देखण्या सोव्हिएत बालपुस्तकांसोबत गेले, त्यांना या दालनांतील घरे, कोट आणि बर्फ आधीच ओळखीचे वाटतील.

१९६२, १९७४ आणि पुढे

स्टालिन यांच्या मृत्यूनंतर बंधने सैल झाली आणि साठच्या सुमारास ‘कठोर शैली’ पुढे आली. व्हिक्तोर पोपकोव यांचे ‘ब्रात्स्कचे बांधकामगार’ हे तिचे ठळक उदाहरण. धरणावर काम करणारे पाच जण काळ्याभोर पार्श्वभूमीवर आपल्याकडे तोंड करून उभे आहेत आणि कोणीही हसत नाही. रांगेतील आधीच्या दालनांत एवढी हसरी माणसे पाहून आल्यावर हे न हसणे कानाला ऐकू यावे इतके मोठे वाटते. १ डिसेंबर १९६२ रोजी सोव्हिएत नेते ख्रुश्चोव यांनी मानेझ येथील प्रदर्शनात नव्या चित्रकारांना शिव्या घातल्या आणि सैल झालेली दोरी पुन्हा आवळली गेली. त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालणारे शिल्पकार एर्न्स्त नेइझ्वेस्त्नी यांनीच पुढे ख्रुश्चोव यांच्या कबरीवरचे काळ्या-पांढऱ्या दगडांचे स्मारक केले. ते मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत आहे आणि वेळ असल्यास जाऊन पाहावे.

१५ सप्टेंबर १९७४ रोजी मॉस्कोच्या कडेला मोकळ्या जागेत काही स्वतंत्र चित्रकारांनी प्रदर्शन भरवले, तेव्हा सरकारने ते उधळण्यासाठी बुलडोझर आणि पाणी मारणाऱ्या गाड्या पाठवल्या. जगभर बोभाटा झाल्यावर दोनच आठवड्यांनी इझमाइलोवो उद्यानात तशाच प्रदर्शनाला परवानगी द्यावी लागली. या अनधिकृत पिढीतील अनेक जण पोटासाठी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढत. पुढे जगप्रसिद्ध झालेले इल्या कबाकोव हे त्यांपैकीच एक. या शेवटच्या दालनांत चित्रांसोबत मजकूर, जुन्या वस्तू, सरकारी भाषेची नक्कल असे पुष्कळ आढळते आणि रशियन न जाणणाऱ्याला ते कोरडे वाटू शकते. फोनवरील भाषांतराची सोय येथेच सर्वांत जास्त उपयोगी पडते. थकवा आला असेल तर हा भाग दुसऱ्या भेटीसाठी ठेवायला हरकत नाही.

बाहेर पडल्यावर

गार्दिरोबातून कोट घेतला की लगेच मेट्रोकडे वळू नये. इमारतीभोवती ‘मुझेओन’ हे शिल्पोद्यान आहे. सोव्हिएत काळ संपताना चौकाचौकांतून उतरवलेले पुतळे येथे आणून ठेवले गेले. गुप्त पोलिसांचे संस्थापक जेर्झिन्स्की यांचा, ऑगस्ट १९९१ मध्ये लुब्यांका चौकातून क्रेनने उचललेला पुतळा येथे उभा आहे, आणि नाक तुटलेला दगडी स्टालिनही. आत पाहिलेल्या गेरासिमोव यांच्या चित्रानंतर तासाभरात हे तुटलेले नाक पाहावे, असाच क्रम मी सुचवीन. उन्हाळ्यात येथे बाकावर बसून डबा खाता येतो.

दुसरा दिवस हाताशी असेल तर लाव्रुशिन्स्की गल्लीतील जुनी इमारत आता निर्धास्तपणे पाहावी. १८७४ ते १८७६ या काळात भारतात फिरलेले वासिली वेरेश्चागिन यांनी काढलेले ताजमहालाचे चित्र तेथील संग्रहात आहे. आणि पहिल्याच संध्याकाळी आणखी थोडे पाहायचे असेल तर तिकीट मेट्रोचेच लागेल. पार्क कुल्तूरीहून वर्तुळमार्गाने बेलोरुस्काया, तेथे गाडी बदलून एकच स्थानक पुढे मायाकोव्स्काया. १९३८ मध्ये उघडलेल्या या स्थानकाच्या छतात देयनेका यांची सोव्हिएत आकाशाची चौतीस मोझेक चित्रे आहेत, एकेका लंबगोल घुमटात एक: विमाने, छत्रीधारी सैनिक, सफरचंदांच्या फांद्या. चालता चालता ती दिसत नाहीत. फलाटाच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला सरून, बरोबर घुमटाखाली उभे राहावे आणि मान पूर्ण वर करावी. संध्याकाळी साडेपाच ते सातच्या गर्दीत मात्र हा प्रयोग करू नये.